वैद्यताईंना विचारा : चिनी फुलांचा चहा आणि आपलं पोट

लातूर-नांदेडकडची किती मुलं डॉक्टरकीसाठी चीनला गेली, ते आपण बघतोच. सुट्टीत येताना ती फुलांच्या चहाची पाकिटं आणतात. इथं घरच्यांना वाटतं, फूल आहे, फूल काय करणार? त्यामुळे गेल्या दोन महिन्यांत या विषयावरची पत्रं साठली. त्यातली पाच निवडली आहेत.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी आयुर्वेदाची वैद्य, अंबाजोगाईत तीस वर्षं रुग्ण बघते. चिनी वैद्यक मी कॉलेजात शिकले नाही. माझा भाचा क्वांगचौला शिकत होता, तेव्हा त्याच्या मागे लागून पुस्तकं मागवली आणि भाषांतरांतून वाचत गेले. त्यांच्या औषधांवर मी कुणाला ठेवत नाही. पण त्यांचं शास्त्र काय म्हणतं ते नीट सांगू शकते, आणि पाकिटावर छापलेलं त्याहून किती वेगळं असतं तेही.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी शाळेत शिकवते, वय ४३. ॲसिडिटी जुनीच आहे, परीक्षेच्या दिवसांत वाढते. मुलीनं शेवंतीच्या फुलांचा चिनी चहा आणून दिला, ‘पचनाला चांगला’ म्हणून. तीन आठवडे रोज रात्री जेवणानंतर दोन मोठे कप घेते. आता पोट जड राहतं, सकाळी दोन-तीनदा पातळ होतं, हातपाय गार पडतात. फूल खराब आहे की माझं पोट?
— एक शिक्षिका, सेलू (जि. परभणी)

उत्तर : बाई, फूलही खराब नाही आणि पोटही नाही. त्या दोघांचं जमलं नाही, एवढंच. चहा आजपासून बंद करा.

तुम्ही पाठवलेलं पाकीट मी काचेच्या पेल्यात करून बघितलं. सुकलेलं फूल शर्टाच्या बटणाएवढं, चपटं, मळकट पांढरं. त्यावर उकळतं पाणी ओतलं की आधी ते वर तरंगतं. मग एकेक पाकळी पाणी पिऊन सैल होते, मधला पिवळा गोंडा फुगतो आणि दोन-तीन मिनिटांत पेल्यात अख्खी शेवंती उमललेली दिसते. पाणी फिकट मधाच्या रंगाचं होतं. चव आधी गोड लागते, घोट गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला कडू.

ही गोड-कडू चव चिनी वैद्यांनीही टिपून ठेवली आहे. चीनच्या सरकारी औषधिकोशात शेवंतीची नोंद अशी : चवीला गोड आणि कडू, गुणानं किंचित थंड, काम फुप्फुस आणि यकृत यांच्यावर, मात्रा ५ ते १० ग्रॅम. ताप-सर्दी, डोकेदुखी, लाल झालेले डोळे यांसाठी ती देतात. या नोंदीत जठराचं नावच नाही. चेच्यांग प्रांतातल्या थोंगश्यांग भागातली पांढरी शेवंती तिथं नावाजलेली आहे. दक्षिणेकडच्या खाणावळींत तेलकट जेवणाबरोबर तिचा चहा पितात, उन्हाळ्यात तर जास्तच. ‘पचनाचा चहा’ हे नाव त्या सवयीतून पडलं असावं. तिथले वैद्यही थंड आणि कमजोर पोटाच्या माणसाला शेवंती जपून घ्यायला सांगतात.

आता थंड पोट म्हणजे काय, ते सांगते. चिनी वैद्यक पचनाची जबाबदारी दोघांवर टाकतं : जठर आणि प्लीहा. त्यांची प्लीहा म्हणजे शरीररचनेच्या तक्त्यावर डाव्या बरगडीखाली दाखवतात तो अवयव असं समजू नका, ते एका कामाचं नाव आहे. जठर अन्न घेतं, मऊ करतं आणि खाली ढकलतं. प्लीहा त्यातलं सत्त्व काढून वर चढवते आणि अंगभर पोचवते. या कामाला ऊब लागते. प्लीहेचं वाकडं असतं ओलीशी. गार, ओलं, कच्चं, गोड फार झालं की तिचं काम मंदावतं. मग पोट जड, शौच पातळ, हातपाय गार, जेवल्यावर झोप. तुम्ही पत्रात लिहिलेलं जवळजवळ सगळं या यादीत आहे. आपण याला मंदाग्नी म्हणू. दोन्ही शास्त्रं अगदी एक नाहीत, पण चुलीत जाळ नाही एवढं दोघांनाही दिसतं.

या विषयावर ली तुंगयुआन नावाच्या वैद्यानं १२४९ मध्ये अख्खा ग्रंथ लिहिला, प्लीहा आणि जठर यांच्यावरच. तो मला फार जवळचा वाटतो. १२३२ मध्ये मंगोलांनी कायफेंग शहराला वेढा घातला, तेव्हा तो तिथं होता. वेढा उठल्यावर माणसं भराभर आजारी पडून मेली. बाकीचे वैद्य साथीच्या तापाची औषधं देत होते. ली म्हणाला, हे बाहेरून आलेलं दुखणं नाही. उपास, भीती आणि थकवा यांनी यांचं जठर आणि प्लीहा मोडलेत, आणि अशा माणसाला थंड, रेचक औषधं दिलीत तर तो मरेल.

हे वाचताना मला १९७२चा दुष्काळ आठवला. मी सहा वर्षांची होते. आई खडी फोडायच्या कामावर जायची आणि संध्याकाळी सुकडी आणायची. रेशनवर लाल मिलो मिळायचा. पुढच्या वर्षी पाऊस झाला, घरात ज्वारी आली, तरी आईला भाकरी सोसायला कितीतरी महिने लागले. ‘पोटच विसरलं खायचं,’ असं म्हणायची. आजी तिला सुंठ घातलेली ज्वारीची पातळ कण्हेरी पाजायची. आजीनं कुठला चिनी ग्रंथ वाचला होता?

तर बाई, तुम्हीही तेच करा. आठवडाभर रात्री आठच्या आत जेवण. ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, शिजवलेली भाजी. कच्ची काकडी-टोमॅटो काही दिवस नको. दुपारी पातळ ताकात चिमूटभर सुंठ आणि जिरेपूड. ॲसिडिटीवाल्यानं रात्री जेवून लगेच दोन मोठे कप कुठलंही पाणी ओतलं तर ते वर येणारच, फुलाचं असो की साधं. चहा बंद करूनही दोन आठवड्यांत पोट बांधलं गेलं नाही, किंवा रक्त पडलं, वजन उतरलं, तर तपासणी करून घ्या.

एक गोष्ट सगळ्यांसाठीच लिहिते. गाजरगवतानं अंगाला खाज सुटते किंवा चट्टे उठतात, अशी माणसं आपल्याकडे गावोगावी आहेत. शेवंती त्याच कुळातली. ज्यांना गाजरगवत बाधतं त्यांनी शेवंतीचा चहा टाळावा. आणि हारासाठी बाजारात येणारी शेवंती खाण्यासाठी पिकवलेली नसते, तिच्यावर फवारे मारलेले असतात. तिचा चहा कुणीच करू नये.

प्रश्न : आमच्या बांधावर सावरीची दोन मोठी झाडं आहेत. फाल्गुनात खाली लाल सडा पडतो, जनावरं खातात. चीनमध्ये माणसं ही फुलं औषध म्हणून पितात असं मुलानं मोबाइलवर दाखवलं. हे खरं आहे का?
— एक शेतकरी, औंढा नागनाथ (जि. हिंगोली)

उत्तर : भाऊ, खरं आहे. आणि झाड तेच आहे, आपली काटेसावर. क्वांगचौ शहराचं ते मानाचं फूल. मार्च महिन्यात भाच्यानं तिथून फोटो पाठवला होता : फुटपाथवर एक म्हातारी वाकून पडलेली फुलं पिशवीत भरते आहे आणि मागच्या कठड्यावर फुलं ओळीनं वाळत घातली आहेत. जाड पाकळ्या वाळून काळपट तपकिरी झालेल्या, आतले केसर झाडूच्या टोकासारखे. मी तो फोटो माझ्या शेतगड्याला दाखवला. तो म्हणाला, ‘ही तर आपली सावर. ह्यांना कुणी सांगितलं?’

त्यांच्या मते सावरीचं फूल थंड आहे आणि आतड्यातली उष्णता आणि ओल काढतं. म्हणून शेंब पडणारे जुलाब, आव यांत ते वापरतात. दक्षिण चीनमध्ये ‘पाच फुलांचा चहा’ घराघरांत करतात. त्यात सहसा सावर, शेवंती, हनीसकल नावाच्या वेलीचं पांढरं-पिवळं फूल आणि आणखी दोन असतात. ती दोन घरागणिक बदलतात. तिथली हवा दमट, उकाडा चिकट. अंगातली ती ‘दमट उष्णता’ जावी म्हणून हा चहा. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असतो, मेमध्ये नाकातून रक्त येईल इतका. त्यामुळे त्यांचं कारण आपल्याला जसंच्या तसं लागू होत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

करून बघायचं असेल तर माझी पद्धत सांगते. पहाटे नुकतीच पडलेली फुलं उचला, दुपारची नकोत, त्यांत मुंग्या आणि किडे भरतात. डांबरी रस्त्याकडेच्या झाडाची घेऊ नका. झटकून, दोन पाण्यांत धुऊन कडक उन्हात तीन-चार दिवस वाळवा. दोन वाळलेली फुलं मुगाच्या कढणात उकळा आणि काढून टाका. चव बेताचीच लागते, किंचित चिकट. पोट आधीच गार असेल, शेजारच्या उत्तरातल्या बाईंसारखं, तर नको. आणि आव पडते म्हणून फुलांवर विसंबून राहू नका. लेकराला जुलाब लागले तर आधी मीठ-साखरेचं पाणी, मग दवाखाना.

एक धोका मात्र मोठा आहे. त्या पाच फुलांत काही ठिकाणी चाफाही टाकतात, वाळवलेला. ते ऐकून आपल्या देवळापुढचा चाफा तोडून कुणी पाण्यात उकळेल, म्हणून सांगते : त्याचा चीक तोंड आणि घसा सोलतो. कण्हेर, पिवळी कण्हेर, धोतरा, रुई, कळलावी यांची फुलं तर जीव घेतात. नवं फूल तोंडात घालण्याआधी ते ओळखणारं माणूस समोर असू द्या. मोबाइलमधल्या चित्रावर भरवसा ठेवू नका.

प्रश्न : मी तीन एकर करडई करतो. एका व्यापाऱ्यानं वाळलेल्या पाकळ्यांना चांगला भाव सांगितला, ‘चिनी पचनाचा चहा’ म्हणून विकणार म्हणे. पाकळ्या काढल्यानं बी कमी भरेल का? आणि हा चहा आम्ही घरी घ्यावा का?
— एक शेतकरी, औसा (जि. लातूर)

उत्तर : पाकळ्या कोमेजून लाल व्हायला लागल्यावर वेचल्यात तर बियाला तोटा होत नाही, तोवर फलधारणा झालेली असते. काट्यांमुळे हात रक्तबंबाळ होतात, म्हणून हे काम बिनकाटेरी वाणावरच परवडतं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं करडईवर भरपूर काम केलं आहे. वाणाची चौकशी तिथंच करा.

पण चहाच्या नावाबद्दल मी ठाम बोलते. करडईच्या पाकळीला चिनी भाषेत होंग-ह्वा म्हणतात, म्हणजे लाल फूल. त्यांच्या शास्त्रात ते रक्ताचं फूल आहे. साकळलेलं रक्त हलवायचं, अडलेली पाळी आणायची, मुका मार लागून काळंनिळं झालं तर द्यायचं. मात्रा ३ ते १० ग्रॅम, आणि गरोदर बाईला देऊ नये हा नियम. पचनाशी त्याचा संबंध नाही. ते ‘पचनाचा चहा’ म्हणून विकलं, आणि अपचन झालंय असं वाटणाऱ्या एखाद्या सुनेला दोन महिन्यांचे दिवस असले, तर काय होईल याचा विचार करा. पहिल्या महिन्यांत मळमळ आणि जड पोट हेच तर होतं! हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालेली, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारी माणसंही आता प्रत्येक गावात आहेत. त्यांनाही हे चालणार नाही.

तुम्ही पाकळ्या जरूर विका, कष्टाचं पीक आहे. व्यापाऱ्याला मात्र सांगा की पाकिटावर करडईची पाकळी असं स्पष्ट लिहा आणि गरोदर स्त्रिया व रक्त पातळ करण्याचं औषध घेणाऱ्यांसाठी सूचना छापा. तो नाही म्हणाला तर भाव कितीही असू द्या, माझ्या मते देऊ नका. करडईची कोवळी भाजी आणि घाण्याचं तेल, पोटासाठी तुमच्या घरात एवढं पुरे.

प्रश्न : आमच्या यजमानांचं वय ५६. सारखे ढेकर येतात, जेवलं की छातीत दाटतं, जिना चढला की जास्त होतं. गॅस आहे म्हणतात. चिनी औषधात ढेकर थांबवणारं एक फूल आहे असं वाचलं. ते कुठं मिळेल?
— एक भगिनी, उदगीर (जि. लातूर)

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांचा ईसीजी करून आणलात, याचं मला समाधान आहे. पुढच्या तपासण्याही टाळू नका. इथं छापते आहे ते बाकीच्यांसाठी.

चढताना वाढणारं आणि बसल्यावर कमी होणारं छातीतलं दाटणं हा गॅस नसतो असं धरूनच चालायचं, तपासणीत दुसरं काही निघेपर्यंत. माझे वडील केजजवळच्या आमच्या गावी असत. २००४ मध्ये त्यांना असेच ढेकर सुरू झाले, घाम आला, डावा खांदा भरून आला. ‘रात्री येसर तिखट झाली होती,’ म्हणाले. ओवा झाला, सोडा झाला. मी फोनवर हिंग्वाष्टक घ्यायला सांगितलं. मी, त्यांची वैद्य लेक. तिसऱ्या दिवशी लातूरला नेलं तेव्हा हृदयाचा मोठा भाग निकामी झाला होता. पुढं चार वर्षं जगले, पण शेतापर्यंत परत कधी चालत गेले नाहीत. म्हणून पन्नाशीपुढच्या माणसाचा ‘गॅस’ मी आधी हृदयाच्या बाजूनं बघते. गिळायला अडकणं, डांबरासारखी काळी शौच, न ठरवता उतरलेलं वजन, रक्ताची उलटी, यांतलं काहीही असलं तरी कुठल्याच देशाचं फूल शोधत बसू नका.

आता त्या फुलाबद्दल. ते आहे. श्वेन-फू-ह्वा त्याचं नाव, सूर्यफुलाच्या कुळातलं लहान पिवळं फूल. चिनी वैद्यांत एक जुनी म्हण आहे : सगळी फुलं वर चढतात, एकटं श्वेन-फू खाली उतरतं. त्यांच्या हिशेबात जठराची चाल खालच्या दिशेला हवी. ती उलटली की ढेकर, उचकी, उलटी. म्हणून खाली नेणारं हे फूल. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी चांग चुंगचिंग या वैद्यानं दिलेल्या काढ्यात ते आलं आहे आणि तिथं ते एकटं नाही. लाल लोहखनिज, जिनसेंग, एक कंद, आलं, ज्येष्ठमध आणि चिनी बोरं धरून सात द्रव्यं आहेत. त्यातला तो कंद शुद्ध केल्याशिवाय विषारी असतो. शिवाय या फुलावर बारीक लव असते. ती काढ्यात सुटली तर घशाला टोचते आणि खोकला लागतो, म्हणून फूल फडक्याच्या पुरचुंडीत बांधून उकळायचं असा दंडकच आहे. अशी वस्तू पाकिटातून मागवून घरी करू नये.

हृदयाचं सगळं ठीक निघालं, तर ढेकरांसाठी जेवणातली घाई कमी करा. यजमान दहा मिनिटांत जेवून उठतात, असं तुम्हीच फोनवर म्हणालात. घासाबरोबर गिळलेली हवाच वर येते.

प्रश्न : गुलाबाचा चिनी चहा आणि आपला गुलकंद एकच का? आईला मधुमेह आहे, तिला काय द्यावं?
— एक वाचक, किनवट (जि. नांदेड)

उत्तर : एक नाही. त्यांचा गुलाब वेगळ्या जातीचा, शानतुंग प्रांतातल्या पिंगयिनचा प्रसिद्ध आहे. कळी पूर्ण उमलायच्या आत खुडून वाळवतात. त्यांच्या मते तो उबदार. चिंतेनं यकृताची वाट अडते, ते जठरावर जोर करतं आणि मग बरगड्यांखाली फुगतं, भूक मरते, तिथं तो देतात. (सेलूच्या शिक्षिकाबाईंनी हे वाचावं. परीक्षेच्या दिवसांतलं पोट असेल तर शेवंतीपेक्षा हे त्यांच्या जवळचं आहे, पण आधी पोट बांधू द्या.) आपला गुलकंद थंड, पित्त शमवणारा आणि शौच साफ करणारा. त्यात निम्म्याहून जास्त साखर असते, म्हणून आईला नको. विनाफवारणीचा, खाण्यासाठीच वाळवलेला गुलाब मिळाला तर चार-पाच कळ्या कपभर गरम पाण्यात पाच मिनिटं झाकून ठेवा आणि साखर न घालता द्या, सकाळच्या दुधाच्या चहाऐवजी. मधुमेहाच्या गोळ्या चालू ठेवा. लग्नाच्या मांडवातले गुलाब मात्र जपून ठेवले असतील तर आजच उकिरड्यावर टाका.